अकराशे चारमधल्या मेट्रनबाई

दार उघडल्याबरोबर व्हर्लिनला दिसली ती कॉफी. कप काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. शेजारचं बिस्किटही जागचं हललं नव्हतं.

"मेट्रनबाई? अहो मेट्रनबाई, मी व्हर्लिन. आत येऊ ना?"

कुणी ओ दिली नाही. सकाळचे साडेदहा वाजले होते. या वेळेला बाई कॉफी संपवून, केस विंचरून, "आलीस का? पाच मिनिटं उशीर," असं म्हणायला दारातच उभ्या असायच्या. चार महिन्यांत त्यात एक दिवसाचा खंड पडला नव्हता.

मोरांट स्टार जहाजाच्या अकराव्या मजल्यावर नुसते सूटच, म्हणजे दोन-तीन खोल्यांचे महागडे कक्ष, आहेत आणि त्यातले आठ झाडूनपुसून ठेवायचं काम व्हर्लिन ओलिव्हिएरच्या वाट्याला. अकराशे चार सगळ्यांत मोठा. बसायची खोली वेगळी, झोपायची वेगळी, न्हाणीघर संगमरवरी, आणि बाल्कनी एवढी ऐसपैस की बेकिया बेटावरचं व्हर्लिनचं अख्खं घर तिच्यात मावून वर कोंबड्यांनाही जागा उरली असती. आणि एवढ्या राजवाड्यात राहणार कोण, तर एकटी एक बाई. आयोना गिटन्स, वय एकोणऐंशी, बार्बाडोसच्या. सारा जन्म इस्पितळात नर्सेसना धाकात ठेवण्यात गेला. नवऱ्याने मरण्यापूर्वी समुद्रकाठची जमीन हॉटेलवाल्यांना विकली होती. मूलबाळ नाही, तेव्हा बाईंनी दर हिवाळ्यात जहाजावरच बिऱ्हाड करायचं ठरवलं. जहाजावरच्या लोकांनी त्यांना मेट्रनबाई करून टाकलं, आणि ते त्यांना आवडायचंही.

व्हर्लिन झोपायच्या खोलीत गेली. पलंग आवरलेला, चादरीचे कोपरे पाकिटासारखे घडी घालून आत खोचलेले. यावरून काहीच कळायला मार्ग नव्हता. पलंगाला दुसऱ्या कुणी हात लावलेला बाईंना खपत नसे. "तुम्हा पोरींना कोपरा घालता येत नाही," म्हणून त्या उठल्या उठल्या स्वतःच आवरायच्या. म्हणजे या पलंगावर रात्री कुणी झोपलं होतं की नव्हतं, हे देवच जाणे. न्हाणीघर कोरडं होतं. टॉवेल कोरडा. दात घासायचा ब्रशसुद्धा कोरडा खडखडीत.

बाल्कनीचं दार मात्र सताड उघडं होतं.

टेबलावर पुस्तक उपडं पडलं होतं आणि त्याच्यावर बाईंचा वाचायचा चष्मा. व्हर्लिनने तो उचलला. काचांवर मिठाचा पांढरा थर बसला होता. नखाने खरवडला तर निघाला. ती कोळ्यांच्या वस्तीत वाढलेली पोर. तास-दोन तासांत काच नुसती चिकट होते, असा थर धरायला सबंध रात्र जावी लागते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पुस्तकाची पानंही रात्रीच्या दमट वाऱ्याने फुगून लाटा लाटा झाली होती.

तिने कठड्यावरून खाली पाहिलं. अकरा मजले खाली पाणी मागे पळत होतं. तेवढ्यात तिला तक्ता आठवला.

तक्त्याचं सांगायलाच हवं. पंचाहत्तरीच्या पुढचं माणूस सूटमध्ये एकटं राहत असेल, तर त्याला सकाळ-संध्याकाळ डोळ्यांनी बघायचं आणि मजल्यावरच्या पॅन्ट्रीतल्या, म्हणजे चहापाण्याच्या खोलीतल्या, तक्त्यावर वेळ टाकून खूण करायची, असा या जहाजाचा नियम. 'डोळ्यांनी' हा शब्द ठळक छापलेला. नवीन माणूस पहिले आठ दिवस दार वाजवून, चेहरा बघून, गुड मॉर्निंग म्हणून मग खूण करतो. महिनाभराने आतून टीव्हीचा आवाज आला की खूण. तीन महिन्यांनी तर पॅन्ट्रीत पाव खाता खाताच हात तक्त्याकडे जातो. सगळे असंच करतात आणि सगळ्यांना ते माहीत असतं. रोज माणसं धडधाकट निघतात, मग कोण कशाला दारं ठोठावत बसतंय? बहुतेक दिवस व्हर्लिन मेट्रनबाईंचं दार तरी वाजवायची; त्या सकाळी साडेसातला मात्र तिनेही तेच केलं होतं. एका हातात पाव, दुसऱ्या हातात पेन. अकराशे चार: पाहिलं. खाली सही, व्ही. ओलिव्हिएर.

ती धावतच पॅन्ट्रीत आली. तिथे कुथबर्ट चांदीचे चमचे पुसत गाणं गुणगुणत होता. कुथबर्ट या मजल्याचा बटलर, डॉमिनिका बेटाचा, पन्नाशी उलटलेला. पांढरे हातमोजे घालून राजेशाही थाटात वावरायचा आणि मजल्यावरच्या सगळ्या पोरींना पोरी म्हणायचा.

"कुथबर्ट, सकाळी मेट्रनबाईंना कॉफी दिलीस?"

"दिली की. आठ वाजून पाच मिनिटांनी. खूणही केली."

"त्यांच्या हातात दिलीस?"

"हातात कशाला? किल्लीने दार उघडलं, टेबलावर ठेवली, आलो. त्या आत असतील आवरत. का गं, काय झालं? भूत पाहिल्यासारखी काय करतेस?"

"तू त्यांना बघितलंस का? डोळ्यांनी?"

"तक्त्यावर तुझी साडेसातची खूण होती ना! तू पाहिलंस म्हटल्यावर मी परत काय बघायचं?"

 व्हर्लिनच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता कुथबर्टच्या हातातला चमचा खाली पडला.

"अगं बाई," तो म्हणाला. "तू पण नाही?"

पुढचा तासभर जहाजाने त्याला येत होतं ते सगळं केलं. लाउडस्पीकरवरून तीनदा नाव पुकारलं: अकराशे चारच्या मिसेस गिटन्स यांनी स्वागतकक्षाशी संपर्क साधावा. जेवणघर, नाटकाचं सभागृह, दवाखाना, प्रार्थनेची छोटी खोली, सगळीकडे माणसं धावली. रिकामे सूट उघडले, कपाटं उघडली, पलंगांखाली विजेऱ्या मारल्या. एका तुकडीत व्हर्लिनही होती. प्रत्येक दार उघडताना तिला वाटायचं, देवा, इथे तरी असू देत, पडलेल्या असल्या तरी चालेल, ओरडल्या तरी चालेल. आणि प्रत्येक दारामागे नुसती खोली असायची.

पावणेबाराला सुरक्षाप्रमुख एबँक्स अकराव्या मजल्यावर आला. रोआतान बेटाचा माणूस, बोलायला हळू. त्याने तक्ता भिंतीवरून काढून हातात घेतला.

"साडेसातला तू पाहिलंस," तो व्हर्लिनला म्हणाला. "आठ-पाचला कुथबर्टने. त्यानंतर कुणी नाही. बरोबर?"

व्हर्लिनने मान हलवली. हलवली म्हणजे काय, हलली. कुथबर्ट मागे उभा होता आणि त्याची नजर तिच्या पाठीत रुतली होती.

"कॉरिडॉरच्या तोंडाशी कॅमेरा आहे," एबँक्स म्हणाला. "आठ-पाचनंतरचं सगळं पाहिलं. बाई या कॉरिडॉरमधून बाहेर पडलेल्याच नाहीत. मजल्यावर नाहीत, बाल्कनी उघडी. मग राहिलं काय?"

 एबँक्सने फोन लावला, दोन वाक्यं बोलला, आणि थोड्याच वेळात पायाखालची जमीन एका बाजूला कलू लागली. पॅन्ट्रीतले ग्लास खणखणले. जहाज वळत होतं. कॅप्टनचा आवाज आला: एक प्रवासी पाण्यात पडल्याची शंका आहे, आपण मागे जात आहोत, कृपया शांत राहा. शांत कोण राहतंय! वरच्या मजल्यावर प्रवासी कठड्याला गर्दी करून पाण्याकडे बोटं दाखवायला लागले. एक बाई तर रडायलाच लागली.

"आठ-पाच वाजता जिथे होतो तिथपर्यंत जायला सव्वातीन तास लागतील," एबँक्स म्हणाला. "तिथून शोध सुरू. उद्याचं बंदर कुरासाव, तिथून विमानही मागवलंय. जहाजातला शोध आता थांबवतोय, सगळी माणसं मला वर हवीत, दुर्बिणी घेऊन." तक्ता काखेत मारून तो निघून गेला.

 आठ-पाच ही वेळ खोटी होती. ती व्हर्लिनच्या पावाच्या तुकड्यातून निघाली होती. एवढं मोठं जहाज, तीन हजार माणसं, आकाशातलं विमान, सगळे आता तिच्या एका खुणेच्या मागे धावणार होते, आणि मेट्रनबाई पडल्या असतील तर त्या रात्रीच, आणखी दीडशे मैल मागे. तिथे कुणी जाणारच नव्हतं. त्या पाण्यात कुणीतरी वर बघत असेल आणि आकाशात विमान नसेल.

"गप्प बस," कुथबर्ट हलकेच म्हणाला. त्याने पॅन्ट्रीचं दार लावून घेतलं होतं. "तुझ्या तोंडावर सगळं दिसतंय मला. गप्प बस, पोरी."

"चष्म्यावर मीठ होतं, कुथबर्ट. त्या रात्रीपासून नाहीत."

"मग तर झालंच! रात्रीपासून पाण्यात असतील तर आता काय उरलंय? एकोणऐंशी वर्षांचं म्हातारं माणूस! तू सांगून त्या परत येणार आहेत का? आपण दोघं मात्र उद्या कुरासावला बॅगा घेऊन धक्क्यावर. आणि नुसतं या जहाजावरून नाही हं. खोटी खूण केली आणि माणूस गेलं, असं एकदा कागदावर आलं की आयुष्यात कुठलंही जहाज आपल्याला दारात उभं करणार नाही. मी या वयात काय करू? केळी लावू?"

"संध्याकाळी तू पाहिलं होतंस ना? तेव्हा तरी?"

"आईशप्पथ पाहिलं. साडेआठला. बाल्कनीत वाचत बसल्या होत्या, माझ्या बुटांना पॉलिश नाही म्हणून बोलल्यासुद्धा."  त्याने हातमोजे काढले आणि उगीचच त्यांची घडी घालायला लागला.

व्हर्लिनला बेकियातली आई दिसली. मागच्या वादळाने घराचं छप्पर नेलं ते नेलंच. आई इसिल्डा आजही ताडपत्रीखाली झोपत होती. नवं छप्पर म्हणजे व्हर्लिनचे या जहाजावरचे अजून सात महिने. तिला भीती वाटत होती. नोकरीची भीती, एबँक्सची भीती, आणि या सगळ्याच्या वर पाण्याची भीती. काळं, खोल, मागे पळणारं पाणी. कुथबर्टचं म्हणणं खरंही असेल. काही उरलं नसेल. पण नसेलच, हे तरी कुणी डोळ्यांनी पाहिलं होतं?

"सरक बाजूला," ती म्हणाली.

"व्हर्लिन, तुझ्या पाया पडतो."

"सरक म्हणते ना!"

सुरक्षेच्या खोलीपर्यंत सात मजले खाली उतरायचं होतं. ती जिन्यानेच धावली, कारण थांबली तर पाय मागे वळतील हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीन मजले उतरल्यावर मागे बुटांचा आवाज आला. कुथबर्ट होता, धापा टाकत. "मूर्ख आहेस तू," तो म्हणाला. "मीही मूर्ख. चल."

एबँक्स कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर उभा होता, शेजारी पडदे सांभाळणारा एक माणूस बसला होता. व्हर्लिनने दारातूनच सांगून टाकलं. एका दमात, श्वासही न घेता. मी पाहिलं नाही, साहेब. साडेसातला मी पॅन्ट्रीतच होते. खूण खोटी आहे. कुथबर्टने माझी खूण बघून खूण केली. चष्म्यावर रात्रभराचं मीठ आहे. शेवटचं खरं पाहिलं ते काल साडेआठला, यानं.

एबँक्स तिच्याकडे वळला.

"हे तू मला पाऊण तासापूर्वी का नाही सांगितलंस?"

"घाबरले."

"आणि आता?"

"आताही घाबरलेच आहे."

 एबँक्स पडद्यासमोरच्या माणसाला म्हणाला, "कालची रात्र लाव. साडेआठपासून."

चित्र भराभर पळू लागलं. रिकामा कॉरिडॉर. शॅम्पेनची ट्रॉली घेऊन जाणारा कुथबर्ट. हातात सॅंडल घेऊन अनवाणी चाललेलं एक जोडपं. पुन्हा रिकामा कॉरिडॉर.  काहीच दिसू नये, असं व्हर्लिनला वाटत होतं आणि काहीतरी दिसावं, असंही वाटत होतं. काही दिसलं नाही, तर पाणीच.

"थांब," एबँक्स म्हणाला.

आठ वाजून बावन्न मिनिटं. खांद्यावर शाल, हातात छोटी पर्स, ताठ कणा. मेट्रनबाई कॉरिडॉरमधून कॅमेऱ्याकडे चालत आल्या, वरच्या गच्चीवर चाललेल्या नाचाच्या संगीताला जरा मान डोलावली आणि डावीकडे वळून चित्रातून बाहेर गेल्या.

"पडल्या नाहीत!" कुथबर्ट ओरडला. "चालत गेल्या! बघितलंत? चालत गेल्या त्या!"

"डावीकडे काय आहे?" एबँक्सने विचारलं. त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. सूटवाल्यांना वरच्या गच्चीवर नेणारी छोटी खासगी लिफ्ट. चार माणसांची, सोनेरी जाळीची, जहाजाच्या पार टोकाला, पंख्यांच्या घरघरीत.

"ती तर बंद आहे," पडद्यासमोरचा माणूस म्हणाला. "काल रात्री नऊला दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. वायरमनने वीज तोडून बंदची पाटी लावली. सुटा भाग कुरासावला मिळणार."

"आत कुणी होतं का, ते बघितलं?"

त्या माणसाने वही उघडली, बोट फिरवलं आणि वाचलं, "लिफ्ट रिकामी." मग त्याने मान वर केली आणि खोलीतल्या कुणालाच पुढचा प्रश्न विचारावा लागला नाही.

दुपारी एक वाजता त्यांनी लोखंडी पहारीने लिफ्टचं वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. आतून गरम वाफ तोंडावर आली. खाली अर्ध्या मजल्यावर लिफ्टचं छप्पर, छपरात झाकण. झाकण काढून एक खलाशी आत उतरला आणि बराच वेळ त्याचा आवाजच आला नाही. व्हर्लिन भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला प्रार्थनाही आठवेना. ती नुसतं आई, आई म्हणत राहिली.

मग खालून आवाज आला: "नाडी लागतेय!"

कुथबर्ट मटकन खाली बसला आणि हातमोज्यात तोंड घालून रडू लागला.

बाईंना झोळीत बांधून वर काढलं. ओठ फुटलेले, तोंड काळवंडलेलं, एका हाताची नखं जाळीवर घासून रक्ताळलेली. आतला फोन विजेबरोबरच मेला होता आणि पंख्यांच्या आवाजात त्यांच्या हाका कुणाला गेल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाला, आणखी तीन-चार तास या उकाड्यात राहिल्या असत्या तर पाणी पाजायला कुणी उरलं नसतं. तीन-चार तास जहाज समुद्रात भलतीकडेच शोधत राहणार होतं. एबँक्सने व्हर्लिनकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग होता आणि आणखीही काही होतं, पण बोलला तो एवढंच, "उद्या कुरासावला तुला उतरावं लागेल. त्याला पण. ते माझ्या हातात नाही."

"हो साहेब," व्हर्लिन म्हणाली.

स्ट्रेचर तिच्या बाजूने जात असताना मेट्रनबाईंनी डोळे उघडले. नजर इकडेतिकडे भिरभिरली आणि व्हर्लिनवर थांबली. त्यांनी बोट हलवलं, तसे डॉक्टरांचे लोक थांबले. व्हर्लिन वाकली.

"घड्याळ होतं हातात," बाई म्हणाल्या. आवाज कसला, नुसती फुंकर. "रात्री खूप ओरडले. मग म्हटलं, आयोना, उगीच ताकद घालवू नकोस. साडेसातला व्हर्लिन येईल. मी दिसले नाही की पोर जहाज डोक्यावर घेईल. साडेसातपर्यंतच काढायचे आहेत. एकेक तास मोजला गं."



"साडेसात वाजले. आठ वाजले. नऊ वाजले." बाईंनी तिचा हात धरला. त्या पकडीत जोर नव्हताच. मग कपाळाला आठ्या घालून, वॉर्डातल्या एखाद्या पोरीची विचारपूस करावी तसं त्यांनी विचारलं, "काय झालं होतं सकाळी? बरं नव्हतं का तुला?"

हो म्हणणं किती सोपं होतं! ताप होता म्हटलं असतं तरी बाईंनी मान डोलावून डोळे मिटले असते. कुथबर्ट बघत होता. व्हर्लिनने त्यांचा रक्ताळलेला हात दोन्ही हातांत धरला.

"बरी होते, मेट्रनबाई," ती म्हणाली. "मी तुमचं दार वाजवलंच नाही."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपला हात हळूच काढून घेतला, आणि स्ट्रेचर पुढे गेलं.